उसाचं पाचट आणि कुकरची शिट्टी

आमच्या घरी लॉन आहे, असं मी पाहुण्यांना सांगतो तेव्हा स्वयंपाकघरातून बायकोच्या खोकल्याचा आवाज येतो. तिच्या मते, दोन सतरंज्या शेजारी शेजारी अंथरल्यावर जेवढी जागा व्यापली जाते तेवढ्या गवताला लॉन म्हणू नये. पण पडेगावचा आमचा प्लॉट म्हणजे नुसता मुरूम होता. पहार मारली की ठिणगी उडायची. तिथं ट्रॉलीनं काळी माती आणून टाकली, शेणखत कालवलं, गवताचे ठोंब एकेक करून लावले आणि चक्क हिरवं काहीतरी उगवलं. शेंद्र्याच्या कारखान्यात आठवडाभर माझ्या हाताखाली माणसं असायची. रविवारी मी गवताच्या हाताखाली असायचो.

पाडवा झाला की माझी उन्हाळी कामं सुरू व्हायची. गवत खरडून कापायचं नाही, चांगलं बोटभर उंच ठेवायचं, म्हणजे त्याची सावली त्याच्याच मुळांवर राहते. लव्हाळा उपटायचा तर गाठीसकट, नाहीतर पुढच्या रविवारी तो भावकी घेऊन येतो. पाणी उजाडताच द्यायचं, कारण नऊनंतर दिलेलं पाणी गवताला नाही, उन्हाला मिळतं. मोगऱ्याच्या बुडाशी माती मोकळी करायची. मग माळ्यावरचा कूलर उतरवायचा, धुवायचा, त्यात नवा वाळा भरायचा आणि त्यातून ठिबकणारं पाणी वाया न घालवता पाइपनं बागेकडं वळवायचं. ही शेवटची युक्ती माझी स्वतःची. तिचा मला फार अभिमान होता. पुढं जे घडलं ते पाहता तो अभिमान कूलरच्या जागी माळ्यावर टाकायला हवा होता.

त्या वर्षी मात्र लॉन जगवणं हा माझा छंद राहिला नव्हता. मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती. ती पुण्यात सहाव्या मजल्यावर राहायची. फोनवर म्हणाली, "बाबा, डॉक्टर म्हणतात रोज चाला. इथं चालायला आहे काय, लिफ्ट आणि पार्किंग. मला तुमच्या लॉनवर अनवाणी चालायचंय."

'तुमच्या लॉनवर' असं म्हणाली. घरात पहिल्यांदाच कुणीतरी त्या गवताला त्याच्या हुद्द्यानं हाक मारली होती. मी पेटलो.

माझ्या खात्यातला एक जण पैठणकडचा, घरची ऊसशेती. तो म्हणाला, "साहेब, पाचट टाका. मातीवर पाचटाचा थर असला की ऊन लागत नाही, ओल टिकते." दुसऱ्याच आठवड्यात टेम्पोभर वाळलेलं पाचट दारात. गवताच्या कडेनं अंथरलं, मोगऱ्याच्या, जास्वंदीच्या बुडाशी टाकलं, तरी एवढं उरलं की काय करावं कळेना. मग त्याचा मी कंपाउंडच्या भिंतीला लागून ढीग घातला, बरोबर कूलरच्या पाइपाच्या तोंडाशी. ओलं राहील, कुजेल, पावसाळ्यात खत होईल. बाहेर मुरूम तापून तव्यासारखा झालेला, आणि आत त्या ढिगात चोवीस तास वाळ्याचं गार पाणी. आमच्या अख्ख्या कॉलनीत एवढी थंड जागा कुणाच्या बेडरूममध्येही नव्हती. थोड्याच दिवसांत तिथं बेडूक आले, पाली आल्या, उंदरांची ये-जा सुरू झाली. मी बायकोला कौतुकानं म्हणालो, "बघ, जीवसृष्टी कशी बहरलीय."

ती म्हणाली, "बहरू द्या. घरात नका येऊ देऊ म्हणजे झालं."

मुलगी आली ती आठवा लागल्यावर. पाय सुजलेले, चेहरा ओढलेला. इथल्या डॉक्टरबाईंनी तपासलं आणि आम्हा दोघांना बाजूला घेऊन सांगितलं, "बीपी वरच्या अंगाला आहे. मीठ कमी करा, सकाळी थोडं चालू द्या, आणि तिला कसली धास्ती बसू देऊ नका. बीपी अचानक चढलं तर वेळेआधी मोकळं करावं लागेल. मग आई आणि बाळ, दोघांची काळजी." घरी येताना बायको रिक्षात एक शब्द बोलली नाही. मीही नाही. तिचं न बोलणं काळजीचं होतं. माझं भीतीचं होतं. दोन्हींतला फरक मला पुढच्या आठवड्यात नीट समजला.

सकाळी मुलगी गवतावर चालायची. एक हात कमरेवर, सुजलेली पावलं ओल्या गवतात जपून टाकत. मी ओट्यावर चहा घेत बघत बसायचो. माझी आई, तिला आम्ही सगळेच माय म्हणतो, माझ्या शेजारी बशीत चहा ओतून घ्यायची. ती म्हणायची, "जलमात पहिल्यांदा तुझ्या गवताचा कुणाला उपेग झाला बघ."

त्याच दिवसांत एका संध्याकाळी कारखान्यातून आलो, चहा झाला, मोगऱ्याच्या बुडाचं पाचट पातळ झालेलं दिसलं म्हणून ढिगातून दोन हात भरून घ्यायला गेलो. वाकलो, हात घातला, आणि कुकरची शिट्टी झाली.

मला वाटलं, डाळ लावलीय. शिट्टी थांबेना. कुकरची शिट्टी होते, संपते. ही लांबतच चालली होती, टायरमधून हवा सुटावी तशी. आणि ती स्वयंपाकघराच्या दिशेनं येत नव्हती.

माझ्या हातापासून वीतभर अंतरावर, पाचटाच्याच रंगाचं पाचट हललं. जाड, मनगटाएवढं. अंगावर साखळीच्या कड्यांसारखे तपकिरी डाग. घोणस. लहानपणी गावाकडं शेतात पाहिली होती, मेलेली. जिवंत घोणस एवढ्या जवळून बघायची वेळ आली नव्हती, आणि येऊ नये म्हणून मी शहरात नोकरी धरली होती असंही म्हणता येईल.

मी ओट्यावर कसा पोहोचलो ते सांगता येत नाही. पोहोचलो तेव्हा पायात एकच चप्पल होती. दुसरी ढिगापासून हातभर अंतरावर उताणी पडली होती.

मायनं माझ्याकडं पाहिलं. "व्हय रे, काय झालं? तोंड पांढरंफटक पडलंय."

"साप हाय, माय." भीतीनं माझी शहरी भाषा पण पळून गेली होती. "पाचटात. घोणस."

मायनं बशी खाली ठेवली. आतून मुलीच्या हसण्याचा आवाज येत होता, ती आईबरोबर बाळाची दुपटी घडी घालत बसली होती. मग माय म्हणाली, "तिला सांगू नको. आन् मारू नको."

शेजारचे निवृत्त हवालदार भिंतीपलीकडं झाडांना पाणी घालत होते. साप हा शब्द त्यांना कसा ऐकू गेला कुणास ठाऊक. एरवी त्यांना तीनदा हाक मारावी लागते. काठी घेऊन भिंतीवरून डोकावले. "बोला साहेब, दोन मिनिटांचं काम आहे."

"हवालदारसाहेब, हळू बोला," माय म्हणाली, "आन् काठी घरात ठिवा. आमच्या घरात पोटुशी हाय."

हा आमच्या घराचा जुना नेम. घरात गर्भारशी असली की सापाला हात लावायचा नाही. बाकीच्यांकडं हा नुसता पाळायचा रिवाज असेल, आमच्याकडं त्याला कारण आहे. पोलीस ॲक्शनच्या आधी, रझाकारांच्या धामधुमीत, मायची आई, म्हणजे माझी आजी, दिवस गेलेली असताना गावाबाहेर कडब्याच्या गंजीत लपून बसली होती. शेजारी माय, पाच-सहा वर्षांची. बाहेर माणसांचे आवाज. आणि गंजीतून एक साप निघाला तो आजीच्या पावलांवरून. आजीनं मायच्या तोंडावर हात ठेवला होता, तो काढला नाही. स्वतः हूं की चूं केलं नाही. पाय हलवला नाही. साप गेला, बाहेरची माणसं गेली, पुढं आजीला मुलगा झाला. तेव्हापासून ज्या घरात आजीची लेक, नात किंवा पणती पोटुशी असेल त्या घरात साप मारला जात नाही. गर्भारणीला साप काही करत नाही, तिच्यापुढं तो आंधळा होतो, असं माय ठामपणे सांगते. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. म्हणजे उजेडात नाही.

मात्र काठी नको हे मलाही पटलं होतं. ढीग बडवला आणि साप बिथरून निघाला तर जाणार कुठं? एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला आमच्या घराचं बाजूचं दार.

पडेगाव भागात साप निघाला की ज्याला बोलावतात तो तरुण सर्पमित्र मुळात विमा एजंट होता. साप धरायचे तो पैसे घेत नसे. साप पिशवीत गेला की मात्र तिथंच विम्याचं बोलायचा. त्या घटकेला माणूस कशालाही हो म्हणतो, हे त्याला अनुभवानं ठाऊक होतं. मी मागच्या गल्लीत जाऊन त्याला फोन लावला. मागं बँड वाजत होता.

"काका, फर्दापूरला आहे, मेव्हणीचं लग्न. परवा सकाळी येतो."

"परवा? तोवर काय करू?"

"काही करू नका. ढिगाला हात लावू नका. आत्ता ती कुठं आहे हे तरी आपल्याला माहीत आहे. हलवलीत तर तेही माहीत राहणार नाही."

दुसऱ्या एकाचा नंबर त्यानं दिला. तो वाजत राहिला. मी घरी आलो ते हे वाक्य डोक्यात घेऊन: तेही माहीत राहणार नाही.

बायकोला सांगावं लागलं. तिनं ऐकलं, एकदा बाजूच्या दाराकडं पाहिलं, आणि घरातली सगळी जुनी गोणपाटं काढून दारांच्या फटींत कोंबायला घेतली. मला एक वाक्य म्हणाली, "जीवसृष्टी बहरली म्हणे."  

मुलीला मी सांगितलं, "लॉनवर औषध मारलंय, दोन दिवस पाय ठेवायचा नाही."

"तुम्ही? औषध?" ती म्हणाली. "बाबा, तुम्ही मुंग्यांची पावडर टाकायच्या आधी मुंग्यांना सांगता."

"नवीन औषध आहे. वासाचं नाही."

"आणि हे गोणपाट कशाला?"

"धूळ येते," बायको म्हणाली.

"आणि बाबांच्या पायांत दोन जोडांच्या दोन चपला का?"

"फॅशन," मी म्हणालो. तिनं आईकडं पाहिलं, आईनं दुपट्याकडं पाहिलं, आणि माय आपल्या बशीत फुंकर घालत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. ओट्यावर खुर्ची मांडून ढिगाकडं बघत बसलो. आयुष्यात इतक्या बारकाईनं मी कुठलीच गोष्ट पाहिलेली नाही, लग्नाआधी बायकोला पाहिलं तेव्हाही नाही. ऊन चढलं तसं पाचट कडकडायला लागलं. वाळलेलं पान उन्हानं वळतं तेव्हा त्याचा आवाज होतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. प्रत्येक आवाजाला माझे पाय आपोआप खुर्चीवर. एक खार आली, ढिगाजवळ गेली, थबकली आणि उलट्या पावली पळाली. तिला कळलं होतं. तिला कुणी औषधाची थाप मारली नव्हती.

कूलर बंद करावा तर मुलगी आत उन्हानं हैराण. चालू ठेवावा तर पाणी ढिगाला. मी पाइप काढून बादलीत सोडला. मग वाटलं, ढीग वाळला तर घोणस गारव्यासाठी घराकडं सरकेल. पुन्हा पाइप ढिगाकडं. ज्या जिवाच्या भीतीनं मला घास गिळवत नव्हता त्याचीच बडदास्त मी ठेवत होतो, गार पाण्यासकट. जावयाचीही आम्ही इतकी ठेवली नसेल.

आणि कुकर. बायकोनं दुपारी भात लावला. पहिली शिट्टी झाली तेव्हा माझ्या हातातला पाण्याचा तांब्या अंगणात गेला. दुसऱ्या शिट्टीला मी खुर्चीवर उभा होतो. मुलगी दारात येऊन बघत होती. "बाबा, तुम्हाला बरं नाहीये का?" तिच्या आवाजात काळजी होती, आणि मला डॉक्टरबाईंचे शब्द आठवले. म्हणजे माझी भीतीच तिच्यापर्यंत सापासारखी सरपटत चालली होती. मी हसलो. बायको नंतर म्हणाली, तसं हसण्यापेक्षा रडला असतात तर तिला कमी काळजी वाटली असती.

संध्याकाळी मुलगी हॉलमध्येच येरझाऱ्या घालत होती. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मध्येच थांबून म्हणाली, "माहेरी आणलंय की जेलात?"  मी तिच्या पावलांकडं बघत होतो. सूज वाढल्यासारखी वाटत होती. की मी तीही जास्त बारकाईनं बघत होतो, कळेना. रात्री पडल्या पडल्या मी एकच हिशेब घालत राहिलो: सकाळ झाली की सर्पमित्र येईल. सकाळपर्यंत सगळ्यांचे पाय जमिनीपासून वर राहिले पाहिजेत.

सकाळ झाली ती नळाच्या आवाजानं. आमच्याकडं नळाला पाणी येतं तो दिवस सणासारखा असतो, फरक एवढाच की सणाची तारीख आधी कळते. बायको ओरडली, "अहो, पाणी आलं!" आणि मागच्या बाजूला पिंपांकडं पळाली. मी पाइप ओढत पुढच्या हौदाकडं. झाकण सरकवलं, पालथा पडलो, डोकं आत घालून पाइपाचं तोंड नीट बसवायला लागलो. माय ओट्यावर चहाची बशी घेऊन बसली होती. पुढचं दार तिच्या नजरेत होतं. बाजूचं दार कुणाच्याच नजरेत नव्हतं, तिथलं गोणपाट पिंपाची नळी काढताना बायकोनंच बाजूला केलं होतं.

मी हौदातून डोकं वर काढलं तेव्हा पहिल्यांदा दिसली ती पावलं. सुजलेली, उघडी, ओल्या गवतात. माझ्यापासून चार-पाच पावलांवर. ती पाठमोरी होती आणि ढिगाकडं चालली होती.

"बाबा, ही तुमचीच ना?" ती मागं न बघता म्हणाली. "परवापासून इथं पडलीय. म्हणून दोन रंगांच्या घालताय होय?"

ती माझी चप्पल उचलायला निघाली होती.

 ओरडलो तर दचकेल, दचकून कुठं पाय टाकेल सांगता येत नाही. नाही ओरडलो तर वाकेल. मी म्हणालो, "राहू दे." ते मलाच नीट ऐकू आलं नाही.

"थांबा हो. एवढं वाकता येतं मला अजून." तिनं एक हात गुडघ्यावर ठेवला, दुसरा पोटाखाली, आणि हळूहळू खाली व्हायला लागली.

शिट्टी झाली.

ती तशीच अर्धवट वाकलेली थांबली. स्वयंपाकघराच्या दिशेनं मान वळवून म्हणाली, "आई, इतक्या लवकर कुकर?"

मागच्या बाजूनं बायकोचा आवाज आला, "कुकर कुठला, पाणी भरतेय मी!"

शिट्टी चालूच होती. मुलीनं खाली पाहिलं.

पाचटातून घोणस अर्धी बाहेर आली होती. वेटोळं घातलेलं, मान मागं ओढून घेतलेली, श्वासागणिक अंग फुगत होतं आणि बसत होतं. चप्पल त्या दोघींच्या मध्ये होती.

"पोरी." मायचा आवाज. मोठा नाही. बरणीचं झाकण घट्ट लाव, असं सांगावं तसा. "हाय तिथं हुभी राहा. पाय उचलू नको. हात हलवू नको. काय व्हत नाय."

मुलगी उभी राहिली. एक हात पोटाखाली तसाच. तिचे खांदे हलत होते, तेवढेच.

मी गुडघ्यांवर होतो, हातात वाहता पाइप. हौदाच्या तोंडातून सुटलेलं पाणी फरशीवरून गवतात उतरत होतं आणि गवतातून ढिगाकडं. उतार मीच दिला होता. सगळं पाणी बागेलाच जावं म्हणून, लेव्हल लावून. पाण्याची जीभ तिच्या टाचांजवळून पुढं सरकताना मला दिसली. ते ढिगात शिरलं तर घोणस पुढं येणार, आणि पुढं माझी मुलगी. मी दोन्ही हातांनी पाइप मुडपला आणि छातीशी धरला. पाणी थांबलं. माझ्याकडून त्या सकाळी एवढंच झालं. 

किती वेळ गेला माहीत नाही. पलीकडच्या रस्त्यावरून दौलताबादकडं जाणारी एक बस गेली. पाण्याची जीभ पाचटाच्या अलीकडंच मातीत जिरली. शिट्टी बारीक झाली, मग नुसता फुसफुसाट, मग काहीच नाही. घोणशीची मान थोडी खाली आली.

"आता मागं ये," माय म्हणाली. "वळू नको. पाय घासत, हळू. व्हय. आसंच. आजून."

ती मागं येत राहिली आणि तिची पाठ माझ्या छातीला टेकली. मी तिला धरलं. पाइप सुटला आणि आम्ही दोघंही गळ्यापर्यंत भिजलो.

तासाभरात सर्पमित्र आला, लग्नातल्याच चकचकीत कुर्त्यात, कपाळावर अक्षतांचा कुंकू लागलेला तांदूळ चिकटलेला. आकडीनं एकेक पाचट बाजूला करत त्यानं घोणस उचलली आणि पिशवीच्या तोंडाशी नेली, तेव्हा ती मधोमध लोंबत होती, जड पिशवी लोंबावी तशी.

"मादी आहे, काका," तो म्हणाला. "भरलेली. घोणस अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं घालते. पावसाच्या तोंडावर घातली असती इथंच, डझनावारी. गारवा होता, खायला होतं, कुणी त्रास देत नव्हतं. ती कशाला हलतेय."

माझ्या मानेवरून गार काहीतरी खाली गेलं. कूलरचं पाणी नसावं.

मुलगी खिडकीच्या जाळीशी उभी होती. आईनं तिच्या दंडाला बीपीच्या मशीनचा पट्टा बांधला होता, ते गुरगुरत होतं. तिनं बाहेर बघतच विचारलं, "तिला कुठं सोडणार?"

"वनखात्याला कळवतो ताई. माणसांपासून लांब."

"सावली बघा. आणि पाणी."

पिशवीचं तोंड बांधून झालं तसं त्यानं आकडीच्या टोकानं माझी चप्पल उचलून पुढं केली. "ही पण तुमचीच ना? आणि काका, नातवंडाच्या नावानं एखादी लहानशी पॉलिसी..."

"घेतली," मी म्हणालो.

मशीनचा आकडा आला. सगळे वाकून बघायला लागले. रोजच्यापेक्षा थोडा वर, पण घाबरण्याएवढा नाही. बायकोनं तिथंच डोळ्यांना पदर लावला. डॉक्टरबाईंना फोन झाला, त्या म्हणाल्या, झोपवा, तासाभरानं पुन्हा बघा. मग बायकोला काय वाटलं कुणास ठाऊक, तिनं तो पट्टा माझ्या दंडाला बांधला. माझा आकडा बघून ती म्हणाली, "अगं बाई, आधी यांना झोपवा."

दुपारी, पुन्हा मोजून झाल्यावर, मुलगी मायच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. चिडली होती. "सगळ्यांना माहीत होतं. मला एकटीला नाही. मी चप्पल आणायला गेले नसते ना माय, सांगितलं असतं तर."

ती चूक नव्हती. मी पलीकडच्या दिवाणावर डोळे मिटून पडलो होतो आणि झोपलेलाच राहिलो.

माय तिच्या केसांतून हात फिरवत होती. "सांगायला पायजे व्हतं," ती म्हणाली. "पर मला वाटलं, एका घरात एकानं भ्यावं, बाकीच्यांनी कामं करावी. समदेच भ्यायला लागले तर भात कोण लावील? मग म्हणलं, तुझा बाप आयताच भेलाय. त्यालाच भिऊ दे."

"आणि तू, माय? तू नाही भ्यालीस?"

मायचा हात केसांत थांबला. "गंजीत माझ्या आईनं माझ्या तोंडावर हात ठिवला व्हता ना," ती म्हणाली, "आज तुला हाक मारताना तसाच वास आला. तिच्या हाताचा. कडब्याचा."  मुलीनं तिचा तो हात ओढून आपल्या गालाखाली घेतला.

बाळंतपण वेळेवर झालं, दोघी सुखरूप. नात आता उन्हाळ्याच्या सुट्टीत येते. पाचट मी पुन्हा आणलं नाही, कूलरचा पाइप बादलीत सुटतो, उरलेला पालापाचोळा त्याच दिवशी बाहेर जातो. गवत मात्र अजून बोटभर उंच ठेवतो. नात सकाळी त्याच्यावर पळायला निघते तेव्हा मी पुढं होऊन काठीनं सगळं गवत आपटून घेतो, कडेपासून कडेपर्यंत. "आजोबा, ते काही करत नाहीये, त्याला का मारता?" ती विचारते. मी म्हणतो, सवय आहे. माय ओट्यावरून म्हणते, "मारू दे गं. त्याची नोकरीच हाय ती." मग नात पळत राहते आणि मी तिच्या पावलांकडं बघत बसतो.

आणि आतून कुकरची शिट्टी झाली की घरातलं कुणीच स्वयंपाकघराकडं बघत नाही. आधी सगळे माझ्याकडं बघतात. मी पाय वर घेतलेले असतात.